दिसेल असं लपवा

केळीला भाव बरा मिळाला, दारात पांढरी स्कॉर्पिओ आली, गळ्यात साखळी आली, चौकात वाढदिवसाचं बॅनरही झळकलं. आता भाऊ, तुमच्यात एकाच गोष्टीची उणीव राहिली आणि ती कमरेला हवी. घेऊनच टाका एक रिव्हॉल्व्हर. लहानसं घ्या, शर्टाखाली मावेल असं.

मात्र त्याआधी एक शत्रू शोधा. परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत जातो आणि जिवाला धोका कोणापासून, हे तिथे पटवावं लागतं. मग पोलीस चौकशीला गल्लीत येतात, शेजारच्या आप्पांना गाठतात. आप्पा भोळेपणाने बोलून जातात, "याले कोन मारीन भो? हा तं उधारी बी हासून बुडवतो." गेला अर्ज बाराच्या भावात. म्हणून बांधावरून चुलतभावाशी जुना वाद असेल तर तो मिटवू नका, नीट जपा. फार पेटवूही नका, नाहीतर गुन्हा तुमच्यावरच दाखल व्हायचा. वैर असं हवं की अर्जात ते भयंकर दिसावं आणि चुलतभाऊ दिवाळीला फराळाला यावा.

एवढी कटकट कशाला, म्हणून कोणी सातपुड्यापलीकडच्या गावठी कट्ट्याचं नाव काढेल. स्वस्त असतो, बिनकागदाचा असतो. गोळी पुढून निघेल की मागून, हे तोही आधी सांगत नाही. सापडलात तर शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं कैद, जास्तीत जास्त पाच. तेवढ्यात केळीचा बाग लावून, काढून, खोडवाही घेऊन होतो.

कोणत्या बोअरचं, म्हणजे नळीच्या कोणत्या मापाचं घ्यावं, याचा विचार करत बसू नका. तो सरकारने करून ठेवला आहे. ९ मिमी तुमच्याआमच्यासाठी बंद. मिळतं ते .३२, बहुधा कानपूरचं. २०१४ साली तिथल्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये, आणि वर दागिन्यांची असते तशी डबी. ही डबी जळगावसारख्या सुवर्णनगरीत घरी नेण्यातला धोका कारखान्याच्या लक्षात आला नसावा. वहिनी डबीकडे बघून हरखतात, हात पुसून येतात, झाकण उघडतात. "हे काय आनलं?" एवढंच विचारतात. त्या वेळी तेवढ्या पैशांत चारएक तोळे आले असते, हा हिशोब त्यांना तोंडपाठ असतो. जिवाला धोका आहे असं अर्जात लिहिलं होतंत ना, तो इथून सुरू होतो.

लहान रिव्हॉल्व्हर खिशाला सुखाचं आणि हाताला दुःखाचं. नळी आखूड, त्यामुळे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच एकमेकांच्या फार जवळ. मनगट जरा हललं की नेम भलतीकडे. हलकं असल्याने धक्काही जास्त. नेमबाजी शिकायला खरं तर हे सगळ्यात अवघड हत्यार, आणि ते आपण सगळ्यात कमी सराव करणाऱ्या माणसाला शोभेल म्हणून घेतो. पण तुम्हाला नेम कुठे धरायचाय?

तुम्हाला ते दिसायला हवंय. आणि इथे कायदा आडवा येतो. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, आणि पूर्ण झाकलेलं असावं लागतं. काढून मिरवलंत तर परवानाही जायचा आणि हत्यारही. जाकिटाखाली लपवावं, तर मे महिन्यात भुसावळात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना जाकीट घालणारा माणूस एकतर नवरदेव असतो नाहीतर पुढारी. लोक आधी तिकडेच बघतात. माझं ऐका, लग्नात जाऊन थोरामोठ्यांच्या पाया पडा. वाकलं की शर्ट मागून वर सरकतो. संस्कार आणि शस्त्र, दोन्ही एका वाकण्यात दिसतात, आणि मुद्दाम दाखवलं असं कोणाला म्हणता येत नाही.

सरावासाठी रायफल क्लब असतो. तिथे कानाला मफ लावतात, कागदी निशाण असतं, एक मास्तर "नळी खाली!" म्हणून ओरडतो, आणि टाळ्या वाजवायला कोणी नसतं. आपल्या भागात सराव हळदीला होतो, डीजेसमोर, आकाशावर नेम धरून. एवढं मोठं निशाणसुद्धा काहींचं चुकतं. हळदीतल्या अशा गोळीबाराला कायद्यात आता दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याच जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे, पण तो माल सीमेवरच्या जवानांचा. तुमच्या वाट्याची काडतुसं परवान्यावर मोजून लिहिलेली. व्हिडिओ मात्र जरूर काढा आणि स्टेटसला ठेवा. तपास अधिकाऱ्याचे कष्ट वाचतात, पुरावा आरोपीच्याच नंबरवरून येतो.

आणि खरा मोका येतो निवडणुकीत. सभा, रॅली, चार लोकांत ऊठबस. नेमकी तेव्हाच आचारसंहिता लागते आणि हत्यार ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. खट्टू होऊ नका, भाऊ. मुकाट्याने जमा करा आणि पावती घ्या. ती कमरेला लावता येत नाही, पण पांढऱ्या शर्टाच्या वरच्या खिशातून, शिक्का दिसेल इतकी, बाहेर ठेवता येते.