आठ वाजता म्हणजे सव्वासहाला

सिव्हिलमध्ये, म्हणजे फौजेबाहेर, दातांच्या डॉक्टरची वेळ चुकली, तर रिसेप्शनवरची मुलगी पुढचा मंगळवार देते. फौजेत तीच वेळ चुकली, तर आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 39 देतात. पुरेशा कारणावाचून परेडला किंवा नेमून दिलेल्या ड्युटीच्या जागी ठरल्या वेळी हजर न होणं हा त्यातल्या 'डी' खंडाखालचा गुन्हा. प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत गेलं, तर कमाल शिक्षा तीन वर्षं कैद. एका दाढेपायी तीन वर्षं कुणी देत नाही, घाबरू नका. पण दाढ ठणकत असताना हे कलम आठवलं, की ठणका आपोआप कमी होतो.

म्हणून आमच्याकडे वेळ वरून खाली येताना दर पायरीला थोडी झिजते. सीओसाहेब, म्हणजे युनिटचे कमांडिंग ऑफिसर, म्हणतात तपासणी आठला. त्यांचे मदतनीस अधिकारी ॲडज्युटंट खबरदारी म्हणून पावणेआठ सांगतात. सुभेदार मेजरसाहेब साडेसात, कंपनीचे सीनियर जेसीओसाहेब (जवान आणि अफसर यांच्या मधला हुद्दा) सात. आणि शेवटी डोकी मोजायची ज्याच्या गळ्यात असते, तो कंपनी हवालदार मेजर रात्रीच्या रोल कॉलला गरजतो, "सुबह सव्वा छह, फॉल-इन!" मग पावणेदोन तास आपण तीनच्या रांगेत उभे. एवढं करूनही एखादा चुकतोच, कारण तो वेळ नीट ऐकतो आणि जागा ऐकत नाही. तपासणी मिलिटरी हॉस्पिटलात असते आणि हा पठ्ठ्या युनिटच्या एमआय रूमबाहेर, म्हणजे युनिटच्याच छोट्या दवाखान्याबाहेर, बाकावर इमानदारीत बसलेला असतो.

मग लागते पेशी, म्हणजे सीओसाहेबांसमोर सुनावणी. टोपी आणि पट्टा बाहेरच उतरवायचा. एक एस्कॉर्ट पुढे, एक मागे, मध्ये आपण. आत "लेफ्ट-राइट-लेफ्ट-राइट" इतक्या वेगात सुरू होतं, की खोली चार पावलांची आहे हे पाचव्या पावलाला कळतं. आर्मी रूल 22 आरोपीला साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा पूर्ण हक्क देतो. अडचण इतकीच, की साक्षीदार म्हणून हजेरीचा कागद घेऊन उभा असतो तो हवालदार मेजर, आणि पेशी संपल्यावर परत त्याच्याच कंपनीत जायचं असतं. त्यामुळे "कुछ पूछना है?" या प्रश्नाला एकच रूढ उत्तर आहे: "नहीं साहब."

कलम 80 खाली सीओसाहेब जवानाला 28 दिवसांपर्यंत कोठडी, 28 दिवसांपर्यंत लाइन्समध्ये बंदी (बराकीच्या आवाराबाहेर जायचं नाही), जादा गार्ड ड्युटी, ताकीद किंवा 14 दिवसांच्या पगारापर्यंत दंड देऊ शकतात. यातल्या लाइन्समधल्या बंदीला आमच्याकडे 'सीएल' म्हणतात. कॅज्युअल लीव्हलाही सीएलच म्हणतात. बायकोला फोनवर "मला सीएल मिळाली" असं सांगायचं असेल, तर कुठली ते आधी सांगावं. ती तिकडे पुरणाची डाळ भिजत घालते.

पण माझं सगळ्यात आवडतं कलम 92. गैरहजेरीचा पगार कापायचा, तर गैरहजेरी मोजायची कशी? सलग सहा तास भरल्याशिवाय 'दिवस' धरत नाहीत. हे वाचून नवीन पोराचे डोळे चमकतात, पाच तास पंचावन्न मिनिटांची गणितं सुरू होतात. त्याने पुढची ओळ वाचलेली नसते: तुझ्या नसण्याने तुझी ड्युटी दुसऱ्याच्या अंगावर पडली असेल, तर त्याहून कमी वेळही अख्खा दिवस धरता येतो. आणि रात्री दोन ते चारचा संतरी आला नाही, तर दोन ते चार उभं कोण राहणार? ज्याला झोपेतून उठवलं, तो. कापलेला पगार एका महिन्यात विसरला जातो. हा माणूस विसरत नाही.

सुट्टीवरून उशीर झाला, की त्याला ओएसएल म्हणतात. इथे साताऱ्या-कोल्हापूरकडच्या पोरांनी ध्यानात ठेवावं: गाडी लेट झाली तर स्टेशन मास्तरकडून लेखी घ्या, आजारी पडलात तर गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर न विसंबता जवळचं मिलिटरी हॉस्पिटल गाठा, आणि दोन्ही वेळा युनिटला आधी कळवा. पूर्वी 'मदर सीरियस'ची तार यायची. तार 2013 च्या जुलैत बंद पडली आणि असंख्य आयांची प्रकृती एका रात्रीत सुधारली.

शिक्षापत्रावर लाल शाईच्या, म्हणजे मोठ्या शिक्षांच्या, चार नोंदी झाल्या, की घरी पाठवायची भाषा सुरू होते. चार भरल्या म्हणून आपोआप काढता येत नाही, नीट विचार करायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं आहे. त्या भरवशावर पाचवी कमवायला जाऊ नये.

आणि तीस दिवस पत्ताच नसेल, तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. माणूस कुठे गेला एवढंच ती बघत नाही, त्याच्या ताब्यातलं सरकारी सामान पुरं आहे का तेही बघते. पेटी उघडतात. बूट, मच्छरदाणी, मग, मेसटिन, एकेक वस्तू बाहेर काढून यादीशी ताडून बघतात. मोज्यांचा एक जोड हमखास कमी निघतो. त्याचेही पैसे लावतात.