फटीतून फट ऐकू आली

इंग्रजीत 'चिंक' नावाचा एक शब्द आहे. दिसायला अगदी गरीब. गेला आठवडाभर त्याने मला धड झोपू दिलेलं नाही.

झालं असं की, एक रहस्यकथा अनुवादाला घेतली होती. गुप्तहेर अंधाऱ्या जिन्यात दबा धरून बसलाय, आणि बंद दाराच्या 'चिंक'मधून त्याला 'चिंक' ऐकू येतो. एकाच ओळीत तोच शब्द दोनदा वापरून लेखकाने आपली हौस भागवून घेतलेली. मी आधी संगणकाला विचारलं. त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं, 'फटीतून फट ऐकू आली.'

मग कोश काढला. तिथे हा शब्द वेगवेगळ्या नोंदींत विभागलेला. फटवाला चिंक जुन्या इंग्रजीतल्या भेग या अर्थाच्या शब्दाच्या घराण्यातला. आवाजवाला म्हणजे नुसती आवाजाची नक्कल, आपल्या 'टण'सारखी. सोळाव्या शतकापासून दोघे इंग्रजीत नांदताहेत आणि एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. त्यात ओंडक्यांची घरं बांधणाऱ्यांनी कहर केला. दोन ओंडक्यांमधली फट म्हणजे चिंक, आणि ती चिखलामातीने लिंपून बंद करायची तर तेही 'चिंक करणं'. म्हणजे रोगालाही तेच नाव आणि औषधालाही तेच.

शेक्सपिअरला मात्र या शब्दाचा काडीचा त्रास झालेला दिसत नाही. त्याच्या एका नाटकात दोन प्रेमी भिंतीच्या चिंकमधून कुजबुजतात. भिंतीचं काम करायला एक माणूसच उभा असतो आणि तो बोटं फाकवून फट करून दाखवतो. दुसऱ्या नाटकात ज्यूलिएटची दाई सांगते, हिला जो मिळवील त्याला 'चिंक्स' मिळतील. म्हणजे खुळखुळणारा पैसा. त्याचं बरं होतं, त्याला अनुवाद करायचा नव्हता.

आणखी एक नोंद होती, ती वाचून हसू मावळलं. चिनी वंशाच्या माणसांना हिणवायची शिवी. २०१२ साली अमेरिकेतल्या एका क्रीडावाहिनीने, बास्केटबॉलपटू जेरेमी लिनचा संघ हरल्याच्या बातमीला 'चिलखतातला चिंक' असा मथळा दिला. लिनचे आईवडील मूळचे तैवानचे. वाक्प्रचार म्हणून तो रोजच्या वापरातला, अर्थ एवढाच की भक्कम संरक्षणातली एक कच्ची जागा. मथळा लिहिणाऱ्याची नोकरी गेली. तो म्हणाला, तसला अर्थ माझ्या मनातही नव्हता. नसेलही. पण ज्यांनी ती शिवी खाल्लीय, त्यांनी त्याच्या मनात डोकावायला कुठून जायचं?

तर माझं दार. फटीचा प्रश्न चटकन सुटला. दाराला फट, भिंतीला तडा, दगडाला चीर, टाचेला भेग आणि तटाला खिंडार. मराठीत ज्याचं त्याचं भोक ज्याच्या त्याच्या नावावर आहे. घोडं अडलं ते आवाजाशी. इंग्रजीत काहीही कशावरही आपटलं की चिंक. आपल्याकडे आधी विचारतात, काय वाजलं? नाणं खणखणतं, खिशातली चिल्लर खुळखुळते, काचेचे पेले किणकिणतात, पैंजण छुमछुमतात, घंटा घणघणते. वस्तू सांगितल्याशिवाय आवाज मिळत नाही.

गुप्तहेराला वाटत होतं, आत म्हातारा पैसे मोजतोय. तरी खात्री करावी म्हणून रात्री एक वाजता मी स्टीलच्या ताटलीत एकेक नाणं टाकून पाहिलं. मग औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या एकमेकींना हलकेच लावून पाहिल्या. तिसऱ्यांदा लावतोय तोच बंद दारापलीकडून बायकोचा आवाज आला, "मघाशी खणखण, आता किणकिण! झोपायचंय का नाही तुला?"

मी धन्य झालो. दार बंद, ती अर्धवट झोपेत, आणि तरी नाणी कधी संपली आणि बाटल्या कधी लागल्या हे तिला बरोबर कळलं होतं. मी 'दाराच्या फटीतून खणखण ऐकू आली' असं लिहिलं आणि शांत झोपलो.

चौथ्या दिवशी एकशे ब्याऐंशीव्या पानावर पोचलो. तिथे कळलं की म्हातारा पैसे मोजतच नव्हता. विषाच्या कुप्या ओळीने लावून ठेवत होता. काचेच्या! अख्ख्या पुस्तकाचं रहस्य त्या एका चिंकवर उभं होतं. नाणं की काच, हे इंग्रजीने शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं.

आता 'खणखण' ठेवावं तर ती वाचकाची फसवणूक. 'किणकिण' लिहावं तर माझी बायको जिन्यातच खुनी पकडणार, पुढची दीडशे पानं कोणी वाचायची? दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी मान खाली घालून लिहिलं, 'दाराच्या फटीतून कसलासा बारीक आवाज आला.'

काल संपादकबाईंचा फोन आला. बाकी अनुवाद आवडला म्हणाल्या.

"फक्त ते जिन्यातलं वाक्य पुन्हा बघता का? फारच सपाट झालंय. अहो, मराठीत आवाजांना शब्दांचा काय तोटा आहे?"