टीव्हीला जोडलेल्या पीसीचं सगळं खापर रॅमवर फोडू नका

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आला. त्याचा सारांश असा: टीव्हीला जोडलेला पीसी अडखळतोय, स्क्रीन मध्येच काळी होतेय, रंग फिके दिसताहेत, तर कारण एकच, रॅम (पीसीची चालू कामाची मेमरी) कमी पडतेय. टास्क मॅनेजरमध्ये (पीसीचा कुठला भाग किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) मेमरी ७० टक्क्यांवर गेली की धोका समजा. रॅम दुप्पट करा, रॅम साफ करणारं अ‍ॅप टाका, रॅमची जुनी पट्टी खोडरबराने घासा आणि सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल घ्या.

माझ्या मावसभावाने हे सगळं केलं. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, ऑफिसातून निघालेला सेकंडहँड पीसी त्याने हॉलमधल्या फोरके टीव्हीला जोडला होता. दुकानदारानेही तेच सांगितल्यावर ८ जीबीची १६ जीबी केली. एकही तक्रार गेली नाही. मला राग येतो तो याचाच. माणूस पैसे घालतो, त्रास तसाच राहतो आणि मग "हा पीसीच बेकार" म्हणून चांगलं मशीन भंगारात जातं.

आता एकेक मुद्दा घेऊ.

"मेमरी ७० टक्के भरली म्हणजे रॅम कमी." नाही. ७० टक्के वापरात म्हणजे ३० टक्के अजून हाताशी आहे, आणि ती मोकळी रॅमही विंडोज रिकामी ठेवत नाही. जे पुन्हा लागण्याची शक्यता आहे ते त्यात साठवून ठेवतं आणि कुणाला जागा लागली की लगेच सोडतं. रॅम खरंच कमी पडली तर डिस्क सतत शंभर टक्क्यांवर दिसते आणि सगळंच रेंगाळतं, साधं फोल्डर उघडायलाही वेळ लागतो. फक्त व्हिडिओच अडखळत असेल आणि बाकी पीसी चपळ असेल, तर रॅमकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

मग व्हिडिओ का अडखळतो? फोरके चित्रपटाची फाइल बहुधा एचईव्हीसी प्रकारची (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) आणि १० बिटची, म्हणजे रंगांच्या जास्त छटांची असते. ती उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये वेगळी यंत्रणा लागते. इंटेलमध्ये ती पूर्ण स्वरूपात सातव्या पिढीपासून आली. एव्ही-वन या त्याहून नव्या पद्धतीसाठी थेट अकरावी पिढी लागते. चिपमध्ये ती सोय नसली की सगळा भार प्रोसेसरवर पडतो. भावाच्या पीसीवर फाइल चालू असताना टास्क मॅनेजर उघडला, तर सीपीयू ९५ ते १०० टक्के आणि रॅम अर्धी मोकळी! १६ काय, ६४ जीबी घातली असती तरी तो अडखळलाच असता. त्यावर उपाय दोनच: ही सोय असलेलं छोटं ग्राफिक्स कार्ड, किंवा त्याच चित्रपटाची १०८० पी फाइल.

रॅमच्या मुद्द्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रासाठीची मेमरीही रॅममधूनच जाते. त्यामुळे ४ जीबीच्या पीसीवर खरंच ओढाताण होते, तिथे रॅम वाढवावीच. आणि ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर ग्राफिक्सला मेमरीकडून मिळणारा वेग जवळजवळ दुप्पट होतो. हे त्या मजकुरात असतं तर मी आनंदाने पुढे पाठवलं असतं.

"रंग फिके पडतात, काळा रंग राखाडी दिसतो, हेही रॅममुळेच." याचा रॅमशी काडीचा संबंध नाही. टीव्हीच्या जगात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे १६ ते २३५ असे मोजतात, पीसीच्या जगात ० ते २५५. पीसी १६-२३५ पाठवतोय आणि टीव्ही ०-२५५ धरून बसलाय, तर काळं राखाडी दिसणार. उलट झालं तर अंधारातले सगळे बारकावे काळ्यात बुडणार. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) सेटिंगमध्ये 'फुल' आणि 'लिमिटेड' असे पर्याय असतात. टीव्हीवरही ब्लॅक लेव्हल किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. दोन्हीकडे एकच ठेवा. भावाकडे हे करायला दोन मिनिटं लागली.

टास्कबार अर्धा कापला जातो, हीही नेहमीची तक्रार. जुन्या काचेच्या टीव्हींच्या काळापासून कडा कापून दाखवायची रीत आहे, ती अजून सेटिंगमध्ये जिवंत आहे. टीव्हीत जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा फुल पिक्सेल असं काहीतरी सापडेल, ते चालू करा. बऱ्याच टीव्हींवर त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं तरी काम होतं.

"स्क्रीन काळी होते म्हणजे मेमरी उडाली." या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण इथेच लोक सर्वांत जास्त घाबरतात. टीव्ही आणि पीसी जोडले की टीव्ही आधी स्वतःची माहिती पाठवतो: मी एवढ्या रिझोल्यूशनचा, मला एवढे हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एवढी चित्रं, चालतात. पीसी त्यानुसार चित्र पाठवतो. तुम्ही सेट-टॉप बॉक्सवर गेलात, टीव्ही बंद करून चालू केलात, की ही बोलणी पुन्हा करावी लागतात. ती फसली की स्क्रीन काळी, पण पीसी आत व्यवस्थित चालू. गाणं लावून ठेवलं असेल तर कधी कधी आवाजही येत राहतो! अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि बहुतेक वेळा चित्र परत येतं. आधी टीव्ही, मग पीसी चालू करायची सवयही उपयोगी पडते. आणखी एक: विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद होणं नव्हे, ड्रायव्हरची जुनी अवस्था जपून ठेवलेली असते. खरंच नव्याने सुरुवात हवी असेल तर रीस्टार्ट करा.

चित्रावर हिरवे चौकोन किंवा पांढरे ठिपके दिसत असतील तर मी एकच गोष्ट करतो, स्क्रीनशॉट काढतो. तो फोनवर पाठवून बघायचा. बिघाड स्क्रीनशॉटमध्येही दिसला तर दोष पीसीच्या आत: फाइल, ड्रायव्हर, ग्राफिक्स किंवा मेमरी. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर संशय बहुधा केबल, पोर्ट किंवा टीव्हीवर. घरातलं कुणीही हे करू शकतं, स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही.

रॅम साफ करणाऱ्या अ‍ॅपबद्दल फार लिहायला नको. ते साठवलेली उपयोगी माहिती हाकलून देतं, आकडा खाली आलेला दिसतो, आणि पुढच्या मिनिटाला तीच माहिती डिस्कवरून परत वाचावी लागते.

"खोडरबराने घासा." दुकानांत हे सर्रास चालतं आणि कधी कधी पीसी सुरूही होतो, म्हणून लोकांचा विश्वास बसलाय. पावसाळ्यात, त्यातून कोकणपट्टीत, दमट हवेने पट्टीच्या आणि खाचेच्या संपर्कात अडथळा येतो हे खरं. पण गुण येतो तो बहुतांशी पट्टी काढून परत नीट बसवल्याचा. खोडरबराने सोन्याचा पातळ थर झिजतो, त्याचा भुगा खाचेत पडतो आणि घासण्याने स्थिर विद्युत तयार होते, ती चिपला घातक ठरू शकते. वायर काढा, पट्टी कडांना धरून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा, वाळू द्या, कट् आवाज येईपर्यंत दाबून बसवा.

रॅम खरंच खराब असेल तर तिच्या खुणा वेगळ्या. दर वेळी वेगळ्या कोडची निळी स्क्रीन, कॉपी केलेल्या फाइली बिघडणं, झिप उघडताना चूक. तेव्हा पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक चूक आली तरी बास. मग बायॉसमधलं (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची मूळ सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवणारा पर्याय, बंद करून पुन्हा चाचणी, आणि तरीही चूक येत असेल तर एकेक पट्टी वेगळी लावून. अशाने नेमकी कुठली पट्टी बदलायची ते कळतं.

आता सोन्याची केबल. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते नीट पोचले तर चित्र नेमकं तसंच दिसतं. मुलाम्याने रंग खुलत नाहीत. महत्त्वाची आहे ती क्षमता. फोरके ६० हर्ट्झला जवळपास १८ गिगाबिट दर सेकंदाला लागतात, ते २०१३ च्या एचडीएमआय २.० पासून मिळाले. भावाच्या पीसीचं पोर्ट १.४ चं, त्याची धाव १०.२ गिगाबिटपर्यंत, म्हणून फोरके ३० हर्ट्झलाच थांबत होतं आणि माउस घसरत चालल्यासारखा वाटायचा. त्याच पीसीच्या डिस्प्लेपोर्टला (चित्र बाहेर पाठवणारं दुसऱ्या प्रकारचं पोर्ट) एचडीएमआय २.० चं अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लावलं आणि टीव्हीत त्या पोर्टचं अल्ट्रा एचडी सेटिंग चालू केलं, तेव्हा ६० आले. दोन मीटरपर्यंत 'प्रीमियम हाय स्पीड' प्रमाणित साधी केबल पुरते. प्रोजेक्टरसाठी भिंतीतून दहा-पंधरा मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून आकडे नेणारी एचडीएमआय केबल घ्या. तिची टोकं वेगळी असतात, एकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. प्लास्टर करण्याआधी ती जमिनीवर पसरून फोरके ६० ला अख्खा चित्रपट चालवून बघा.