स्पोर्ट्स कारचा ट्रेलर आणि उसाची ट्रॉली : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापुरातील मोटारप्रेमींच्या व्हॉट्सॲप समूहांत ट्रॅक डेबद्दल, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवण्याच्या दिवसाबद्दल, सध्या एक संदेश फिरत आहे. तो असा : "ट्रॅक डेला गाडी न्यायची असेल तर महागडा ट्रेलर घेऊ नका. शिरोलीत किंवा उद्यमनगरात उसाची ट्रॉली बांधणारा कुठलाही कारागीर एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर निम्म्या किमतीत बांधून देतो. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढतो, मग आपली एसयूव्ही दोन टन सहज ओढेल. ट्रेलरला वेगळे ब्रेक लागत नाहीत. वजन थोडे मागे ठेवले की एसयूव्ही दबत नाही. ट्रेलर डोलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर दाबा, तो ताणला जाऊन सरळ होतो. आणि खासगी ट्रेलरला पासिंग लागत नाही."

हा संदेश दुर्लक्षून सोडण्याजोगा नाही, कारण तो ज्यांच्यापर्यंत पोहोचतो ते त्यावर खरोखर अंमल करू शकतात. कोल्हापूरने ध्रुव मोहिते आणि कृष्णराज महाडिक यांच्यासारखे चालक देशाच्या शर्यतींना दिले आहेत, शहरालगत गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि स्वतःची गाडी मोठ्या ट्रॅकवर नेऊन चालवावी अशी इच्छा असलेली तरुण मंडळी येथे पुष्कळ आहेत. मात्र तो मोठा ट्रॅक जवळ नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील 3.7 किलोमीटरचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट आपल्या दारावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 48 वरच असले, तरी ते सुमारे 900 किलोमीटर दूर आहे, आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवे या ट्रॅकला जायचे तर बंगळुरूनंतर धर्मापुरी–सेलमचा रस्ता धरून तोप्पूरचा घाट उतरावा लागतो. इतक्या लांबच्या प्रवासात, ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने, मालवाहू ट्रकांच्या रांगांमधून दोन टनांचा बोजा मागे घेऊन जायचे असेल, तर या संदेशातले प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले विधान ट्रॅक्टरच्या तुलनेचे. ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉल्या ओढतो हे खरे आहे, पण तो त्या ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगाने ओढतो. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी 25 वरून 80 किलोमीटरवर गेल्यास त्याच वजनाच्या ट्रेलरची ऊर्जा सुमारे दहापट होते. डिझेल एसयूव्ही दोन टन ओढील यात शंका नाही, आणि म्हणूनच ओढण्याच्या ताकदीवरून ट्रेलर निवडणे फसवे ठरते. हा बोजा थांबणार कसा आणि सरळ रेषेत राहणार कसा, या दोन प्रश्नांच्या उत्तरावर ट्रेलर निवडला पाहिजे. संदेशातील पुढची सर्व विधाने याच दोन प्रश्नांवर घसरतात.

"ट्रेलरला वेगळे ब्रेक लागत नाहीत" हे त्यांतले सर्वांत घातक विधान आहे. हिशोब सोपा आहे. 1350 किलोची गाडी, 650 किलोचा ट्रेलर आणि टायर, जॅक, हत्यारे यांचे 100 किलो धरले तर मागचा बोजा 2100 किलो होतो, म्हणजे जवळजवळ ओढणाऱ्या एसयूव्हीइतकाच. एसयूव्हीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या भरलेल्या वजनासाठी आखलेले असतात. त्यांच्यावर दुप्पट वजन टाकले की थांबण्याचे अंतर तर वाढतेच, शिवाय वळणावर ब्रेक लावताना मागचा बोजा एसयूव्हीला ढकलत राहतो आणि तिची मागची बाजू फिरवू पाहतो. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला 750 किलोंची कमाल मर्यादा आहे आणि त्याहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. टोयोटा हायलक्सचेच उदाहरण घ्या. ब्रिटनसारख्या बाजारांत तिच्या फोर-बाय-फोर आवृत्तीला ब्रेक असलेला 3500 किलोंचा ट्रेलर ओढण्याची परवानगी आहे, पण ब्रेक नसेल तर मर्यादा 750 किलोंवर येते. वाहन तेच, इंजिन तेच, फरक फक्त ट्रेलरच्या ब्रेकचा.

घाटात ही गोष्ट अधिक गंभीर होते. 100 मीटर उंची उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती त्याच बोजाला ताशी 160 किलोमीटरच्या वेगावरून एकदा पूर्ण थांबवण्याइतकी असते. हवेचा आणि इंजिनाचा अवरोध त्यातला काही वाटा उचलतो, पण उरलेली सारी उष्णता एसयूव्हीच्या चार डिस्कना किंवा ड्रमना सोसावी लागते, आणि तापलेले ब्रेक हळूहळू धरेनासे होतात. धर्मापुरीहून सेलमकडे तोप्पूरचा घाट उतरताना अवजड वाहनांचे जे अपघात वारंवार होतात, ते ठाऊक असलेल्या माणसाने ब्रेक नसलेला ट्रेलर तेथून उतरवण्याचा सल्ला कोणाला देऊ नये. आपल्याकडच्या कारागिरांना बसवायला सोपा पडेल असा प्रकार ओव्हररन ब्रेकचा आहे : एसयूव्ही मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने कपलरमधला, म्हणजे ट्रेलरच्या टोकाच्या जोडणीतला, दांडा आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. त्याला वेगळ्या विजेची गरज नसते. मात्र रिव्हर्स घेताना ब्रेक अडकू नयेत अशी सोय त्यात असली पाहिजे, आणि ट्रेलर सुटलाच तर ब्रेक आपोआप लावणारी तार एसयूव्हीला बांधलेली असली पाहिजे.

"वजन मागे ठेवले की एसयूव्ही दबत नाही." हे विधान ऐकायला सर्वांत समंजस वाटते आणि म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. हिचवरचा, म्हणजे एसयूव्हीला ट्रेलर जिथे जोडतात त्या जोडावरचा, भार भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के असावा असा अमेरिकेत रूढ नियम आहे. युरोपात तो थोडा कमी ठेवतात, पण तेथेही भार पुढे असला पाहिजे यावर एकमत आहे. आपल्या 2100 किलोंच्या उदाहरणात 10 टक्क्यांनी 210 किलो होतात. हा भार एसयूव्हीच्या निर्मात्याने हिचसाठी दिलेल्या मर्यादेत बसतो की नाही हे पाहावेच लागते, आणि बसत नसेल तर ट्रेलर हलका घ्यायचा किंवा ओढणारे वाहन बदलायचे. भार मागे सरकवून हा पेच सुटत नाही. वजन अ‍ॅक्सलच्या मागे गेले की वाऱ्याचा झोत, शेजारून जाणारी बस किंवा रस्त्यावरचा खड्डा अशा कोणत्याही निमित्ताने ट्रेलर डावी-उजवीकडे झोले खाऊ लागतो, आणि एका ठरावीक वेगापुढे प्रत्येक झोला आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

किती मागे म्हणजे फार मागे, हेही मोजता येते. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपासून हिचपर्यंत 4 मीटर अंतर असेल आणि 1350 किलोची गाडी फक्त अर्धा मीटर मागे सरकवली, तर हिचवरचा भार सुमारे 170 किलोंनी घटतो. म्हणजे 210 चे 40 किलो होतात आणि स्थिर ट्रेलर धोकादायक बनतो. येथे गाडीचा प्रकार फार महत्त्वाचा ठरतो. पोर्शे 911 चे इंजिन मागे असल्याने तिचे सुमारे 60 टक्के वजन मागच्या चाकांवर असते, तर फोक्सवॅगन पोलोसारख्या पुढच्या इंजिनाच्या गाडीचे जवळजवळ तेवढेच वजन पुढच्या चाकांवर असते. दोघींच्या चाकांतले अंतर सुमारे 2450 ते 2470 मिलिमीटर आहे, तरीही पुढच्या चाकांपासून मोजलेला गुरुत्वमध्य दोन्ही गाड्यांत अर्ध्या मीटरच्या आसपास वेगळा पडतो. एकाच्या पोलोसाठी ट्रेलरवर बसवलेला चाकांचा अडसर दुसऱ्याच्या 911 साठी तसाच ठेवला, तर ट्रेलर कितीही चांगला असला तरी तो रस्त्यावर डोलणारच. त्यामुळे ट्रेलर मित्रमंडळींनी मिळून घेतला असेल तर प्रत्येक गाडीची जागा खुणेने ठरवून ठेवली पाहिजे.

हा भार मोजण्याची सोय आपल्या भागात इतकी आहे की न मोजण्याला काही कारणच नाही. उसाच्या आणि बाजार समितीच्या व्यवहारामुळे कोल्हापुराच्या चारही दिशांना वजनकाटे आहेत. गाडी चढवलेला ट्रेलर एसयूव्हीपासून सोडून, पुढच्या टेकूच्या पायासह, एकटा काट्यावर उभा करून वजन घ्यावे. मग तोच हिचला जोडून फक्त ट्रेलरची चाके काट्यावर ठेवून पुन्हा घ्यावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हिचवरचा भार. काट्याचा टप्पा दहा-वीस किलोंचा असला तरी या कामाला तेवढी अचूकता पुरते.

"ट्रेलर डोलायला लागला तर ॲक्सिलरेटर दाबा" हा सल्ला याच गैरसमजाचे टोक आहे. वेग वाढवल्यावर क्षणभर ट्रेलर ताणला गेल्यासारखा वाटतो हे खरे, पण डोलणे शमवण्याची ट्रेलरची क्षमता वेगाबरोबर कमी होत जाते, म्हणून त्या क्षणानंतर येणारा झोला आधीपेक्षा मोठा असतो आणि तेव्हा थांबवायचा वेगही जास्त असतो. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरावे, झोल्यांना उलट वळवून उत्तर देऊ नये, ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यावा आणि ब्रेक जोरात दाबू नये. नंतर बाजूला थांबून भार तपासावा, कारण डोललेला ट्रेलर त्याच मांडणीत पुन्हा डोलणार आहे.

एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरबद्दल. तो हलका आणि वळवायला सोपा असतो हे मान्य आहे, आणि हलक्या फॉर्म्युला गाडीसाठी किंवा गो-कार्टसाठी मी स्वतः तोच सुचवीन. पण वरच्या उदाहरणात हिचवरचा भार वजा जाता चाकांवर सुमारे 1900 किलो उरतात, म्हणजे दोन टायरांवर प्रत्येकी 950 किलो. हॅचबॅकच्या टायरवर 88 हा भारांक (टायर किती भार पेलतो हे दाखवणारा आकडा) असेल तर तो 560 किलोंपर्यंतच पेलतो. दोन अ‍ॅक्सल असतील तर प्रत्येक टायरवर सुमारे 475 किलो येतात आणि तोच टायर पुरून उरतो. शिवाय हुबळी-चित्रदुर्गच्या उन्हात एक टायर फुटला तर दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर उरलेल्या तीन टायरांवर बाजूला घेता येतो. एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर मात्र त्याच क्षणी एका बाजूला बसतो.

आता कारागिरांविषयी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शिवाजी उद्यमनगरातील फाउंड्रीवाले आणि फॅब्रिकेशन करणारे यांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांनी उत्तम ट्रेलर बांधू नये असे काहीच नाही. पण उसाच्या ट्रॉलीचा आराखडा समोर ठेवून तो बांधता येणार नाही. ट्रॉलीला अनेकदा कमानपाटे (लीफ स्प्रिंग) नसतात, तिचे बेअरिंग मंद वेगासाठी असतात, आणि तिच्या पिन-हिचमध्ये जो सैलपणा शेतात चालतो तो महामार्गावर प्रत्येक ब्रेकला धक्का देतो. बॉल हिच (एसयूव्हीच्या मागच्या गोळ्यावर ट्रेलरचा कपलर बसतो ती जोडणी) बसवतानाही 50 मिलिमीटरचा युरोपीय बॉल आणि 2 इंचांचा, म्हणजे 50.8 मिलिमीटरचा, अमेरिकी कपलर यांची जोडी जमवू नये. फरक लहान दिसतो, पण झिजेबरोबर तो वाढत जातो. बॉलखाली एकमेकींना छेदून बांधलेल्या दोन सुरक्षा-साखळ्या हव्यातच.

खाली बसलेल्या गाडीसाठी रॅम्पची लांबीही आधी ठरवावी लागते. ट्रेलरच्या पाटाची, म्हणजे गाडी उभी राहते त्या पृष्ठभागाची, उंची 600 मिलिमीटर असताना 1.8 मीटरचा रॅम्प सुमारे 19 अंशांचा चढ देतो, आणि त्यावर स्पोर्ट्स कारचा पुढचा बंपर घासल्याशिवाय राहत नाही. तोच चढ 10 अंशांवर आणायला 3.5 मीटर लांबीचा रॅम्प लागतो, किंवा मागे कलणारा पाट घ्यावा लागतो. ट्रॅकवर इंजिन बंद पडलेली गाडी वर चढवायला हाताने चालवायची विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) पुढे बसवून घ्यावी. गाडी बांधताना पट्टे बॉडीला किंवा चासीला न लावता टायरांवरून घ्यावेत, म्हणजे सस्पेन्शन मोकळे राहते आणि खड्ड्यात गाडी खाली बसून पट्टे सैल होत नाहीत. चार चाकांना चार रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे पट्टे), आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळणे. बंद ट्रेलरचा आग्रह धरणाऱ्यांना इतकेच सांगतो की पावसाळ्यात तो गाडी कोरडी ठेवतो, पण त्याचे वजन आणि आडव्या वाऱ्याचा जोर या दोन्हींमुळे वरचा सारा हिशोब अधिक कडक होतो. पहिला ट्रेलर उघडाच घ्यावा. आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच जायचे असेल, तर फ्लॅटबेड ट्रक भाड्याने घेणे हा माझ्या मते ट्रेलर विकत घेण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग आहे.

शेवटचे विधान पासिंगचे, आणि ते सरळ खोटे आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येतच मोटार वाहनात ट्रेलरचा समावेश केलेला आहे, आणि कलम 61 नुसार नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू होतात. त्याला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो, तो ट्रेलरच्या बाजूवर दिसला पाहिजे, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रेलरवर लावावा लागतो. खासगी मालकी ही त्यातून सूट नाही. नोंदणीच नसलेल्या ट्रेलरने अपघात झाला तर विमा कंपनीपुढे कोणती बाजू मांडणार, याचा विचार हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. म्हणून कारागिराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आरटीओत जाऊन नोंदणीसाठी काय लागते ते विचारावे, आणि ती कागदपत्रे तो देणार आहे हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.