सशाला लंघन घडवू नका

गेल्या शुक्रवारी रात्री साडेनऊला ठाण्याहून भाचीचा फोन आला, तिच्या बुंदी नावाच्या सशिणीबद्दल. "मावशी, बुंदी कोपऱ्यात अंग आक्रसून बसलीय, दात करकरा वाजवतेय. कोथिंबीर पुढे धरली तरी तोंड फिरवते." शेवटचं कधी खाल्लं, असं विचारलं तर म्हणाली, काल रात्री, तेही थोडंसंच. मग आज दिवसभर काय केलंत? "उपाशी ठेवलं. मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं."

तो मेसेज मी लगेच मागवून घेतला. "सशाचे पोट बिघडले? डॉक्टरकडे धावू नका, हे सात उपाय करा." तिच्या सोसायटीतल्या एका काकूंनी पाठवलेला, आणि त्यांचा हेतू चांगलाच होता यात मला शंका नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोच मेसेज आणखी दोघींकडून माझ्याकडे आला. त्यातले सात उपाय असे: एक दिवस उपाशी ठेवा, पाणी बंद करा, चमचाभर एरंडेल पाजा, स्वतःच्या लेंड्या खाऊ देऊ नका, जुलाब असतील तर अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची पाव गोळी द्या, पोट चोळा, गोड बंद करून हिरवा पाला द्या.

पहिल्या उपायाबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्यानेच बुंदीचा जीव जायची वेळ आली होती.

"लंघनं परमौषधम्" हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की पोट बिघडलं की जेवण बंद, हे कुणी तपासूनही बघत नाही. माणसाला एक वेळ ते मानवेल. सशाचं पोट वेगळं असतं. निरोगी सशाचं जठर कधीच पूर्ण रिकामं नसतं. तो दिवसरात्र थोडं थोडं चरत असतो, आणि गवतातला चोथाच त्याची आतडी हलती ठेवतो. खाणं थांबलं की आतड्यांची हालचाल मंदावते. आत आहे ते सुकून घट्ट होतं, जंतूंचं संतुलन बिघडतं, गॅस धरतो, पोट दुखतं. पोट दुखतंय म्हणून ससा आणखी खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी थंडावतात. डॉक्टर याला जीआय स्टेसिस म्हणतात. त्यात भर म्हणजे उपाशी सशाचं शरीर अंगातली चरबी मोडायला लागतं, ती यकृतात साठते आणि यकृत निकामी होऊ शकतं. ससा गुबगुबीत असेल तर धोका जास्त.

कुत्र्यामांजरांना ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात, मग सशाला का नाही, असं भाचीच्या नवऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. कुत्र्याला भुलेत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून त्याचं पोट रिकामं ठेवतात. ससा उलटी करूच शकत नाही. म्हणून ससे जाणणारा डॉक्टर भूल द्यायच्या जवळजवळ आधीपर्यंत त्याला खाऊ देतो, आणि शुद्धीवर आला की लगेच पुन्हा खायला लावतो.

म्हणून ज्यांच्या घरी ससा आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा: दहा-बारा तास खाल्लं नाही, किंवा तेवढ्या वेळात लेंड्या पडल्या नाहीत, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ससा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तो कोपऱ्यात बसून दात करकरवायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

बुंदीचं काय निघालं, तर दाताचं दुखणं. सशाचे दात जन्मभर वाढतात. तिच्या मागच्या दाढेला टोक येऊन ते जिभेला टोचत होतं. चार दिवसांपासून ती गवत टाकून केळ्याचे मऊ तुकडे तेवढे खात होती, आणि घरचे समजत होते की लाडावलीय. भूक लागलेल्या पण चावता न येणाऱ्या जनावरासमोरून उरलंसुरलं खाणंही उचलून घेतलं गेलं! तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून आतड्यात अडथळा नाही ना ते बघितलं, मग कातडीखाली सलाइन, दुखणं कमी करायचं औषध आणि सिरिंजने पातळ खाद्य. तिचं अंग गार पडायला लागलं होतं. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. कान हाताला थंड लागत असतील आणि ससा मलूल असेल तर सकाळची वाट बघू नका.

आता लेंड्यांचं. "ससा स्वतःची घाण खातो, ही सवय मोडा, गळ्यात कॉलर घाला." हे लिहिणाऱ्याने ससा पाळलेला नाही. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. एक कोरड्या, गोल, ज्या आपण झाडून टाकतो. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. या दुसऱ्या तो बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन न चावता गिळतो. सशाचं अंधांत्र, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी, जठरापेक्षाही मोठं असतं. तिथे जंतू चोथा आंबवतात, आणि त्यातून तयार झालेली प्रथिनं, ब आणि के जीवनसत्त्वं या मऊ लेंड्यांतून त्याला परत मिळतात. गाय रवंथ करते ना, तसंच काम सशाने या वाटेने साधलंय. कॉलर घालून ते अडवलं तर ससा चांगल्या खाण्यावरही कुपोषित होतो.

यातूनच पुढचा घोळ होतो. ससा लठ्ठ असेल, पाठ दुखत असेल किंवा गोड नि गोळीखाद्य जास्त झालं असेल, तर या मऊ लेंड्या खायच्या राहतात आणि शेपटीखाली चिकटतात. घरच्यांना वाटतं, जुलाब झाले. मग मेसेजमधली अमॉक्सिसिलिन. घराघरात अर्धी राहिलेली पाकिटं पडलेलीच असतात.

ही गोळी सशाच्या तोंडात कधीही घालू नका. मर्क व्हेटरिनरी मॅन्युअल हा १९५५पासून निघणारा जनावरांच्या डॉक्टरांचा संदर्भग्रंथ आहे आणि तो आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्यातलं सशांचं प्रकरण उघडा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, क्लोस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो आणि त्याचं विष अंगात भिनतं. जुलाब थांबवायला दिलेल्या गोळीने खरे जुलाब सुरू होतात, आणि त्यातून ससा बहुधा वाचत नाही. सशाला चालणारी अँटिबायोटिक आहेत, पण ती डॉक्टरने ठरवायची. मोठ्या सशाला खरोखर पाण्यासारखे जुलाब होत असतील तर ती मुळातच धावपळीची वेळ आहे.

पाणी बंद करा म्हणे. "ससा पाणी प्यायला की मरतो" हे मी अकरा वर्षं ऐकतेय, पिंजरे विकणाऱ्यांच्याही तोंडून. माळावरचा रानससा ओल्या गवतावर आणि दवावर बरंच भागवतो, तेवढ्यापुरतं ते खरं असेल. पण तो वेगळा प्राणी, आणि फ्लॅटमध्ये दव पडत नाही. पाळीव सशाला किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिली पाणी लागतं, म्हणजे दोन किलोच्या सशाला १०० ते ३०० मिली. पोट थंडावलेल्या सशाचं पाणी तोडलं तर आतला चोथा आणखी घट्ट होणार. नळीच्या बाटलीपेक्षा जड वाटीतून ते जास्त पितात.

एरंडेल केसांच्या गोळ्यासाठी सुचवलंय. सशाच्या पोटात केस नेहमीच असतात, रोज अंग चाटतो तो. हालचाल थांबली आणि पाणी कमी पडलं की त्याचाच गोळा होतो. गोळा हा बहुधा परिणाम असतो, मूळ कारण नव्हे. तेल त्यावर काही करत नाही, आणि धडपडणाऱ्या सशाला बळेच पाजलं तर श्वासनळीत जाण्याची भीती.

पोट चोळण्याचं अर्धं मान्य करते. हलक्या हाताने, ससा स्वतःहून अंग सैल सोडत असेल तर गॅसला थोडा आराम पडतो. पोट ढोलासारखं ताठ लागलं तर मात्र हात लावू नका आणि सिरिंजने काही भरवूही नका, आत अडथळा असू शकतो.

सातवा उपाय बरोबर आहे. गोड बंद, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला द्या. फक्त त्यात मुख्य गोष्टच राहिलीय: वाळलेलं गवत. सशाच्या खाण्यात पाऊण हिश्श्याहून जास्त तेच हवं. टिमोथी नावाचं वाळकं गवत विकत मिळतं ते महाग पडतं, मान्य. फवारणी न केलेली हरळी चालते. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. गाजर हे फळासारखं, चवीपुरतं.

राहिलं "डॉक्टरकडे धावू नका". कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर ससे बघतोच असं नाही, म्हणून ससा ठणठणीत असतानाच फोन करून ठेवा. दोन गोष्टी विचारा: ऑपरेशनआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवता का, आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन देता का. यातल्या एकाचंही उत्तर "हो" आलं, तर दुसरा नंबर फिरवा.