दुपारी दोनला कुठलं बाळ जागं असतं?

बाळांवर संशोधन करणाऱ्या आमच्या सांगलीतल्या लॅबमध्ये आज परत तेच. तासगावहून एसटीनं आई आणि आजी सहा महिन्यांचं पोरगं घेऊन आल्या. एप्रिलचं ऊन, स्टँडवरून विश्रामबागपर्यंत रिक्षा, आणि वेळ दुपारी दोनची. दोनला बाळ काय करणार? झोपलं. आईच्या खांद्यावर लाळ गाळत ढाराढूर. मी समोर खुळखुळा घेऊन बावळटासारखी उभी.

ही वेळ मी ठरवलेली नाही. सकाळी प्रयोगाची खोली आमच्या सरांच्या मीटिंगांना लागते, कारण एसी तिथंच आहे. ज्या माणसाचं अख्खं करिअर बाळांवर उभं आहे, त्याला मी सांगायचं की दुपारचं दूध पिऊन बाळ झोपतं? माझी आजी चौथी शिकलीय, तिला कळतं हे.

आमचं काम काय, तर बाळाला पडद्यावर चित्रं दाखवायची आणि ते कुठं, किती वेळ बघतं ते मोजायचं. एकच चित्र सारखं दाखवलं की बाळ कंटाळून नजर वळवतं. मग नवीन दाखवल्यावर पुन्हा टक लावून बघायला लागलं, तर समजायचं की त्याला फरक कळला. बोलता न येणाऱ्या जिवाला प्रश्न विचारायची ही युक्ती मला अजूनही भारी वाटते, म्हणून तर टिकलेय. 1960 च्या आसपास रॉबर्ट फँट्झ हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाळांना पेटीत निजवून वरच्या भोकातून बघायचा, कुठल्या चित्राचं प्रतिबिंब त्यांच्या डोळ्यांत पडतंय ते. आमच्याकडं महागडा आय ट्रॅकर आहे, नजर कुठं आहे ते टिपणारं यंत्र. त्याच्यासमोर बाळ घोरतंय.

बरं, जागं राहिलंच तर काजळ! बोटभर जाड. यंत्र बुबुळ शोधायला जातं, काजळाच्या काळ्यात गडबडतं आणि कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र त्या डोळ्यांशी जुळवून घेणं, बोंबलतं. एकदा ओल्या कापसानं पुसायला गेले तर आजीनं माझा हातच धरला. "नगं पुसू बाई, नजर लागंल." आता आमचं संशोधनच नजरेवर आहे, काय बोलणार कपाळ! फोनवर आधीच 'काजळ न घालता आणा' सांगू का विचारलं, तर सर म्हणाले, लोकांच्या भावना दुखावतील. दुपारच्या उन्हात दोन तास हेलपाटा पडल्यावर भावना दुखावत नाहीत बहुतेक.

आणि दर शुक्रवारी ऐकायचं, "एन का वाढत नाही? तुझं रॅपोर्ट कमी पडतंय." एन म्हणजे अभ्यासातल्या बाळांची संख्या, रॅपोर्ट म्हणजे पालकांशी जुळलेली ओळख. रॅपोर्ट! रविवारी फोन करून करून त्या आयांच्या जावासुद्धा मला आवाजावरून ओळखतात. प्रवासखर्चाचे दोनशे रुपये मी पदरचे देते, कारण व्हाउचर परत येतं: 'रिक्षाची पावती जोडा.' सांगलीत कुठला रिक्षावाला पावती देतो, मला त्याला भेटायचंय.

जे एखादं बाळ धड बघतं, त्याचा व्हिडिओ रात्री मीच कोड करते, म्हणजे बाळ कुठं बघतंय ते फ्रेमागणिक नोंदवते. सेकंदाला 30 फ्रेम, दहा मिनिटांच्या 18,000. डावीकडं, उजवीकडं, बाहेर. डावीकडं, उजवीकडं, बाहेर. काही व्हिडिओ दुसऱ्या कोडरनं स्वतंत्रपणे तपासायचे असतात. आमचा दुसरा कोडर मार्चमध्ये बँकेची परीक्षा पास होऊन गेला. शहाणा.

तर आजचं बाळ पावणेचारला उठलं. इतकं खुशीत की पडदा काय, भिंतीवरची पालसुद्धा टक लावून बघत होतं. मी पळत खोलीकडं गेले. दार बंद, आत सर ऑनलाइन मीटिंगमध्ये. हातानंच 'नंतर, नंतर'. आई-आजीची एसटी सव्वाचारची. जाताना आजी म्हणाली, "म्होरल्या टायमाला सकाळचं बोलीव की गं."

फॉर्ममध्ये बाळ वगळण्याची तीनच कारणं छापलीत: रडणं, झोप, पालकांचा हस्तक्षेप. सरांसाठी रकाना नाही. 'झोप'वर टिक केली.