हिशोबाच्या पैशातून माग घेऊ नका

कारखान्यात माणसं कमी करणार अशी कुणकुण लागली, की घरात, चहाच्या टपरीवर, समाजाच्या बैठकीत एकच सल्ला मिळतो: "मिळेल तो हिशोब घे आणि स्वतःचं काहीतरी टाक." सोलापुरात हे 'काहीतरी' म्हणजे बहुतेक वेळा कापड विणायचे चार जुने यंत्रमाग, नाहीतर शिलाईच्या तीन-चार मशिनी, नाहीतर शेंगा चटणीची पाकिटं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्याच्या पगारावर आई-वडील, बायको आणि शाळेतली मुलं अवलंबून आहेत, त्याला पहिल्याच महिन्यात हा सल्ला देणं मला चुकीचं वाटतं. हिशोबात, म्हणजे नोकरी सुटताना, हातात येणारा पैसा पुढचे काही महिने घर चालवायला आणि नवं काम नीट पारखून निवडायला आहे. तो मशिनीत अडकला की निवडच उरत नाही.

आधी मुळात तो पैसा पूर्ण मिळवायचा. आणि तो जातो एका सहीत.

कमी करायचं असलं की बरेच मालक माणसाला बोलावून छापील कागद पुढे ठेवतात: "मी घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे." सही केली की चेक लगेच, नाहीतर चकरा मारा, असं तोंडी सांगतात. या कागदावर सही करू नका. कपात, म्हणजे मालकानं माणूस कमी करणं, आणि राजीनामा यांत किती फरक पडतो ते आकड्यात बघा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये आहे आणि नोकरी ११ वर्षं ७ महिने झाली आहे. सहा महिन्यांवरचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून १२ वर्षं. ग्रॅच्युइटी: १५,६०० ला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग १२ ने; १,०८,००० रुपये. कपातीची भरपाई दर वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची, म्हणजे अर्धा महिना धरून ९३,६००. नोटीस दिली नसेल तर एका महिन्याचा पगार, १५,६००. नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यापासून मालकानं भरायच्या पुनर्कौशल्य निधीतून आणखी पंधरा दिवसांचा पगार, ७,८००, कपातीनंतर ४५ दिवसांत खात्यात यायला हवा. एकूण २,२५,०००. राजीनामा दिला तर यातली फक्त ग्रॅच्युइटी उरते. त्या एका सहीची किंमत १,१७,००० रुपये.

सही करून झालीच असेल, तर निदान त्या कागदाची प्रत मागा आणि लगेच युनियनला किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाखवा. दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्याची तक्रार जितकी लवकर, तितका तिला जोर. नव्या कायद्यात न्यायाधिकरणाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे, पण दोन वर्षांनी साक्षीदार कुठे सापडतात?

कपातीच्या भरपाईला मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलेलं लागतं. ग्रॅच्युइटीला कायम कामगाराची पाच वर्षं सेवा आणि कारखान्यात दहा माणसं लागतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि गावठाणातल्या शेडमध्ये गोची होते ती इथेच. एकाच छपराखाली तीन नावांच्या तीन फर्म दाखवतात, प्रत्येकीत आठ-नऊ कामगार. नावं वेगळी असली तरी मालक, वीज, हजेरी, माल एकच असेल तर ते सिद्ध करता येतं, पण त्याला कागद लागतो. पगाराची चिठ्ठी, बोनसची पावती, ओळखपत्र, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, हजेरी कार्डाचा मोबाईलवर काढलेला फोटो. हे सगळं नोकरीत असतानाच गोळा करा. गेटबाहेर पडल्यावर एकही कागद हाती लागत नाही.

पीएफचं एक बघून घ्या. ऑनलाइन खात्यात 'नोकरी सोडल्याची तारीख' भरलेली नसेल तर पूर्ण पैसे निघत नाहीत. ती मालकानं भरायची असते; भरली नाही तर शेवटचं योगदान जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी आपल्यालाही आधार ओटीपीनं भरता येते. आधारवर आणि पीएफवर नाव सारखं आहे का तेही आताच तपासा. आपल्याकडे तेलुगू आडनावांची स्पेलिंगं दोन कागदांवर दोन असतात आणि दावा तिथेच अडकतो. पेन्शनच्या भागाला मात्र हात लावू नका. दहा वर्षांची सेवा भरली की ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो. आठ-नऊ वर्षं झालेला माणूस हाती लगेच येणाऱ्या पैशासाठी फॉर्म १०सी भरून ती रक्कम उचलतो, तेव्हा फार वाईट वाटतं. त्याच फॉर्मवर झालेली सेवा जपणारं योजना प्रमाणपत्र मागता येतं. पुढच्या नोकरीत उरलेली वर्षं भरून निघतात.

पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी कराच. किमान दोन वर्षांचं योगदान आणि कपातीनं किंवा कारखाना बंद पडून गेलेली नोकरी, एवढ्यावर पहिल्या वर्षी सरासरी पगाराच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के भत्ता मिळतो, आणि तोवर कुटुंबाचे उपचारही चालू राहतात. राजीनामा दिलेल्याला यातलं काहीच नाही. मालकाचं सहीचं पत्र लागतं, त्यात 'कपात' किंवा 'कारखाना बंद' हे कारण स्पष्ट असायला हवं.

आता घर. पहिल्या आठवड्यात बायको-मुलांपासून लपवून रोज डबा घेऊन बाहेर पडणारी माणसं आहेत. याचं सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं होतं, कारण खर्च जुन्या पगारावर चालू राहतो. सगळ्यांना बसवून एकच आकडा काढा: भाडं किंवा हप्ता, किराणा, गॅस, वीज, औषधं, शाळेची बस. चैन वगळून हा खर्च १६,००० येत असेल आणि घरी दुसरी कमाई ४,००० असेल, तर महिन्याला १२,००० कमी पडतात. वरचे २,२५,००० म्हणजे दीड वर्षाहून थोडा जास्त श्वास. त्यातले निम्मे मुदत ठेवीत, बायकोच्या किंवा दोघांच्या नावावर. घरातली बाई विड्या वळत असेल तर तिचं बीडी कामगार कार्ड चालू ठेवा, मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती त्यावर आहे. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे, पण रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात येत नाहीत. तो खर्च वेगळा धरा.

देण्यांचा क्रम लावा. कुंभारीच्या रे नगरात घर घेतलेल्यांनी घराचा हप्ता पहिला. गाडी, मोबाईल, कार्ड नंतर. हप्ता चुकायच्या आधी बँकेत लेखी अर्ज द्या. बाउन्स झाल्यावर गेलात तर दंडही बसतो आणि पतही जाते. अडचण आलीच तर बँकेतलं सोनेतारण परवडतं. महिन्याला शेकडा पाच-दहा घेणाऱ्या बिनपरवाना सावकाराकडे जाऊ नका. बचत गटाच्या नावानं एका घरात तीन-तीन मायक्रोफायनान्सची कर्जं आहेत, तिथे चौथं घेऊन तिसरं फेडणं आजच थांबवा.

मग माग का नको? जुना साधा माग भंगाराच्या भावात मिळतो, म्हणून तो स्वस्त वाटतो. पैसा मागात लागत नाही, सुतात लागतो. चार-सहा टॉवेलचे माग दिवसाला ५० किलो सूत खात असतील आणि सूत २५० रुपये किलो धरलं, तर रोजचे १२,५००. महिन्याच्या २६ दिवसांचे ३,२५,०००. सूत रोखीनं किंवा थोड्या दिवसांच्या उधारीवर, आणि व्यापाऱ्याकडून टॉवेलचे पैसे साठ ते नव्वद दिवसांनी. अडीच महिने धरले तरी ८,१२,५०० रुपये नुसते फिरत राहतात. वीज, कांड्या भरणारी बाई, विणकर यांचं वेगळंच. हिशोबाचे सव्वादोन लाख यात एका महिन्यात संपतात. मग सूत उधारीवर देणाराच भाव ठरवतो, मालही तोच उचलतो, आणि आपण आपल्याच शेडमध्ये मजूर होतो. शिवाय समोर रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचे वेगवान नवे माग, घेतलेले उभे आहेत, त्यांच्या वेगाशी आणि कापडाच्या सफाईशी साधा माग टिकत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, अभिमान आहे, पण मानांकनानं खेळतं भांडवल येत नाही.

माझं म्हणणं असं की नवं काम जुन्या कामाला लागून असलेलं शोधावं. चाळिशीतल्या माणसाजवळ हातातलं कसब हीच ठेव असते.

जॉबरचंच, म्हणजे माग जुळवून दुरुस्त करणाऱ्याचंच, बघा. धोट्याचं टायमिंग, पिकिंग, बेअरिंगचा आवाज ऐकून दोष ओळखणं, हे ज्याला जमतं त्याला शिलाई मशिनीची दुरुस्ती काही आठवड्यांत जमते. हुक आणि सुईचं टायमिंग, फीड डॉगची उंची, धाग्याचा ताण. सोलापुरात गणवेशाचे इतके कारखाने आहेत आणि फेब्रुवारी ते जून या हंगामात मशीन बंद पडलं तर मालक थांबू शकत नाही. दहा-बारा युनिटांशी महिन्याचा देखभालीचा करार केला तर भांडवल म्हणून पाने, गेज, काही सुटे भाग आणि दुचाकी पुरते. पण आधी दोन-तीन महिने कुणा मेकॅनिकच्या हाताखाली राहावं लागेल, कमी पैशात. यासाठीच हिशोबाच्या पैशानं मिळणारा वेळ लागतो.

चेकिंग-फोल्डिंग करणाऱ्यांना गणवेशात तपासणीचं काम आहे. तिथे दोन चुका सगळ्यात महाग पडतात. एक, कापडाच्या दोन लॉटमधला रंगाचा फरक: जूनमध्ये दिलेली पॅन्ट आणि ऑगस्टमध्ये मागवलेली जादा पॅन्ट एका रंगाची निघत नाही आणि शाळा पूर्ण माल परत करते. म्हणून पहिल्या लॉटचा तुकडा नंबरासह जपून ठेवायचा आणि जादा मागणीचं कापड त्याच वेळी बाजूला काढायचं. दुसरी, कटिंगनंतर गठ्ठ्यांत साइझची सरमिसळ. ज्याची नजर वर्षानुवर्षं चादरीतला तुटका धागा पकडत आली, त्याला हे दोन्ही दिसतं.

ऑफिसात टॅलीवर हिशोब सांभाळणाऱ्यांनी तर दुकान टाकायचा विचारच सोडावा. नवी पेठेत, मार्केट यार्डात असे कितीतरी व्यापारी आहेत ज्यांना पूर्णवेळ माणूस परवडत नाही, पण जीएसटीची विवरणं, महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, भरावीच लागतात. पाच जणांचे प्रत्येकी तीन हजार धरले तर पंधरा हजार होतात, आणि एकानं काढलं तरी चार उरतात. एका मालकाच्या नोकरीपेक्षा हे मला जास्त भक्कम वाटतं. अट एकच: बिलं दर आठवड्याला गोळा करायची, नाहीतर दहा तारखेच्या रात्री पाचही जणांची पिशवी एकदम येते.

फिटर-वायरमन यांना साखर कारखाने आहेत, आपल्या जिल्ह्यात ते कमी नाहीत. पण हंगामी पदावर घेतलं तर गाळप संपल्यावर पुढचे महिने काय, हे आधी ठरवा. छतावरच्या सोलरची कामं उन्हाळ्यात जोरात असतात, ती जोडी जमते. त्यासाठी वायरमनचा परवाना नसेल तर विजापूर रोडच्या आयटीआयत चौकशी करा.

चटणी-भाकरीबद्दल थोडक्यात. करणाऱ्या बाया कुशल आहेत, पण दुकानदार माल उधारीवर ठेवतो आणि खवट झालेली पाकिटं परत देतो. शेंगदाणा भाजून पूर्ण गार न करता कुटला तर पाकिटात वाफ धरते आणि तेल लवकर खवट होतं. पाच दुकानांत तीन महिने ठेवून परत येणारा माल मोजल्याशिवाय ग्राइंडर घेऊ नका.

पुणं? चाकण-भोसरीत २४,००० मिळतात म्हणून बिऱ्हाड हलवू नका. भागीतली खोली, मेस, कंपनीपर्यंतचा प्रवास आणि महिन्यातून दोनदा घरी येणं यात दहा-अकरा हजार जातात. सोलापुरातले पंधरा हजार त्यापेक्षा जड भरतात. जायचंच असेल तर एकट्यानं, सहा महिने ठरवून, आणि पीएफचा जुनाच खातेक्रमांक (यूएएन) देऊन.

कर्जाच्या योजना शेवटी बघा. पीएमईजीपीसारख्या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेतलं अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं, आणि हप्ता पूर्ण कर्जाचा सुरू होतो. मुद्रामध्ये तारण लागत नाही, अनुदानही नाही. शिलाईवाल्यांना पीएम विश्वकर्मात ५ टक्के व्याजानं आधी एक लाख मिळतात, पण विणकर त्या १८ व्यवसायांत नाहीत, म्हणून एजंट 'विणकर म्हणून बसवून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका. काम सुरू केलंत तर उद्यम नोंदणी पहिल्या दिवशी करा, ती फुकट आहे. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या लहान उद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायची सक्ती खरेदीदारावर आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती प्रत्येक वेळी घ्या, ओळखीचा व्यापारी असला तरी.